नजर सावकाश फिरते तेव्हा

निंदणाचे दिवस आहेत, हात रिकामे नाहीत हे मला माहीत आहे. कान इकडे ठेवा, हात चालू द्या.

आज डोळ्यांवर बोलणार म्हटल्याबरोबर आमच्या गटातली एक आजी म्हणाली, "मोतीबिंदूचंच सांगशीन ना वो? शिबिर कवा हाये ते सांगजो." आजी, शिबिराची तारीख ग्रामसंघाच्या बैठकीत सांगीन. मोतीबिंदूवर आपण खूपदा बोललो. आज मला वेगळंच सांगायचं आहे. डोळा स्वच्छ आहे, दिसतंही आहे, पण डोळ्याची हालचाल बिघडली आहे, अशा दुखण्यांबद्दल. अशा वेळी दुखणं डोळ्यात नसतं, मेंदूत किंवा नसांमध्ये असतं, आणि ते आधी डोळ्यात दिसतं. हे मला कळायला लागलं ते एका गटाच्या कर्जाच्या भांडणातून. तिकडे येतेच, पण आधी एक खेळ करू.

घरात आरसा असेल तर त्याच्यासमोर उभ्या राहा. आरशात आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या डोळ्याकडे, मग पुन्हा डाव्या. आपले डोळे हलताना दिसतात का? नाही दिसणार. आता शेजारणीला समोर बसवा आणि तिला तेच करायला सांगा. तिचे डोळे मात्र टुणकन उडी मारताना दिसतील. आपला डोळा उडी मारतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू आपल्याला दिसणं बंद करतो, नाहीतर दिवसभर सगळं जग गरगरत राहिलं असतं. अशा उड्या आपण सेकंदाला दोन-तीन मारतो. पासबुकातली ओळ वाचताना, तांदळातले खडे वेचताना, रस्ता ओलांडताना. शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींत ही एक आहे.

दुसरी हालचाल वेगळी. कोणी बोट हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं की डोळे त्याच्या मागे सरकत जातात, जसं वासरू गाईच्या मागे जातं. एसटीच्या खिडकीशी बसलेल्या लेकराचे डोळे कधी निरखून बघा. बाहेरच्या खांबाच्या मागे डोळे सरकत जातात आणि पुढचा खांब पकडायला झटक्यात परत येतात. सरकणं आणि उडी, दोन्ही कामं सतत चालू असतात. एकेका डोळ्याला सहा स्नायू, ते हलवायला मेंदूतून निघणाऱ्या तीन जोड्या नसा, आणि उडीचा हुकूम देणाऱ्या खास पेशी मेंदूच्या देठात, म्हणजे मानेच्या जरा वर. एवढी यंत्रणा आपण जन्मभर वापरतो आणि एकदाही तिचा विचार करत नाही.

आता गोष्ट मुंबईची. जे.जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ होते. पारशी माणूस, जन्म 1925 चा, सुरतेचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, इंग्लंडला जाऊन मेंदूचे आजार शिकले आणि परत येऊन जे.जे. मध्येच सरकारी दवाखान्यातल्या गरीब रुग्णांना तपासत राहिले. पुढे 2012 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, 2016 साली ते गेले.

त्यांच्याकडे असे रुग्ण यायचे ज्यांची चाल बिघडलेली असायची. पाय फाकवून चालायचं, झोकांड्या जायच्या, हात थरथरायचे, बोलणं जड आणि तुटक व्हायचं. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो. तो झिजायला लागला की असं होतं. एकाच घरातल्या दोघा-तिघांना असं होणं डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. पण वाडियांना काही रुग्णांत आणखी एक गोष्ट दिसली. "इकडे बघा, आता तिकडे बघा," म्हटलं की या माणसांचे डोळे उडी मारत नव्हते. हळूहळू, ओढत नेल्यासारखे सरकत होते. लकवा नव्हता. डोळा शेवटपर्यंत जात होता, पण बैलबंडीच्या वेगानं. काही जण तर डोळ्याऐवजी आधी मानच फिरवायचे, काही पापणी मिटून उघडायचे आणि तेवढ्यात नजर पलीकडे न्यायचे.

वाडियांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी अशी एक नाही, नऊ कुटुंबं शोधली, तपासली, आणि 1971 साली 'ब्रेन' नावाच्या इंग्लंडमधल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात लिहिलं की हा पिढीजात आजाराचा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याची खूण आहे सावकाश फिरणारी नजर. बायांनो, एक लक्षात घ्या. त्या वेळी सीटी स्कॅनचं यंत्र दवाखान्यांत आलेलंच नव्हतं. जगातल्या पहिल्या रुग्णाचा तसा स्कॅन झाला तोच 1971 च्या ऑक्टोबरात, लंडनला. एमआरआय तर त्याच्याही नंतरचा. वाडियांकडे काय होतं? दोन बोटं, आणि माणसाला नीट न्याहाळायची सवय. मला या संशोधनातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. आपण घरात, शेतात माणसं रोज बघतो, पण न्याहाळत नाही.

नंतर 1996 साली परदेशातल्या शास्त्रज्ञांनी या आजाराचा जनुक, म्हणजे शरीराच्या आराखड्यातली बिघडलेली जागा, शोधून काढली. आजाराला नाव पडलं एससीए टू. मग 1998 मध्ये वाडियांनी भारतातल्या सहा घराण्यांची जनुक तपासणी करून दाखवलं की सावकाश नजर असलेले त्यांचे रुग्ण याच आजाराचे. जगात हा आजार सगळ्यात जास्त आहे क्युबा नावाच्या बेटावर, होल्गिन नावाच्या प्रांतात. तिथे त्याच्यासाठी वेगळं केंद्र काढलं आहे. समुद्रापलीकडच्या त्या ऊसवाल्या लोकांची आणि आपल्या मुंबईच्या रुग्णांची नजर एकाच कारणानं मंदावली होती.

आता त्या कर्जाकडे येते. गाव सांगत नाही, गटाचं नाव सांगत नाही.

एका गटात एका ताईनं शेळ्यांसाठी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. हप्ते तिनं कधी चुकवले नव्हते. बैठकीत बाकीच्या गप्प बसल्या आणि मग एकजण बोलली, "तिच्या घरचा माणूस सकायपासूनच झोकांड्या खाते. दारूड्याच्या घरात पैसा दिला तर ते भरीन कुठून वो?" तिचं म्हणणं एकच, "माह्या माणसानं आजपर्यंत थेंब घेतला नाही." कोणी मानलं नाही. नवरा चाळिशीचा. दोन वर्षांपासून चालताना भिंत धरतो, बोलतो तेव्हा जीभ जड, फवारणीचा पंप पाठीवर घेतला की पडतो. गावात त्याच्या तोंडावर हसायचे. त्याची आई शेवटी शेवटी अशीच झाली होती. तिला तर दारूही चिकटवता येईना, म्हणून गावानं म्हटलं, म्हातारीला बाहेरचं झालं. ती कोणाकडे बघायची तर टक लावल्यासारखी बघायची, मान आधी वळायची आणि नजर मागून यायची. म्हणून लेकुरवाळ्या बाया तिच्यासमोरून लेकरू नेत नव्हत्या. नजर लागते म्हणून.

मी हे ऐकलं तेव्हा मला एससीए बिएससीए काही माहीत नव्हतं. मी बीए आहे, मराठी घेऊन. आशाताईला सोबत घेतलं, त्या दादांना आधी इर्विनला, अमरावतीला पाठवलं, तिथून नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्या डॉक्टरांनी काय केलं? दोन्ही हातांची बोटं त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "मान हलवू नका. या बोटाकडे बघा. आता त्या." ताई मला सांगत होती, "मॅडम, मी त्यांच्याकडे वीस वर्सं पाह्यतो, पण त्यांचे डोळे असे चालतात हे मले तवाच दिसलं." रक्ताची तपासणी झाली, बऱ्याच दिवसांनी कागद आला. तो कागद घेऊन ती गटाच्या बैठकीत आली. वाचायला तिनं माझ्याकडे दिला नाही, गटाच्या सचिवाकडे दिला, ज्या बाईनं दारूचं नाव घेतलं होतं तिच्याच हातात.

कर्ज मंजूर झालं. शेळ्या आल्या. पण तिच्या घरचा प्रश्न त्या दिवशी संपला नाही, खरं तर सुरू झाला, कारण तिला दोन मुली आहेत.

पिढीजात म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. आपल्या रिद्धपुरात पोथ्या नकलून घ्यायची शेकडो वर्षांची रीत आहे. एक जण वाचतो, दुसरा उतरवतो, त्यावरून तिसरा. नकलताना एखादा शब्द चुकून दोनदा लिहिला गेला, तर पुढचा नकलणारा तोही उतरवतो, कधी आणखी एकदा वाढवतो. या आजारात तसंच होतं. आपल्या शरीराच्या पोथीत एका जागी तीन अक्षरांचा एक लहान तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. बहुतेक माणसांत तो 22 च्या आसपास वेळा येतो. तो तिसाच्या बराच पुढे गेला की मेंदूच्या काही पेशींना ते सोसत नाही. आणि पुढच्या पिढीत ही संख्या वाढू शकते. म्हणून आईला पन्नाशीत झालं, तर मुलाला चाळिशीत होऊ शकतं.

आपल्या प्रत्येकाकडे या पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. आजारी माणसाकडे एक चांगली, एक बिघडलेली. लेकराला त्यातली कोणतीही एक जाते. म्हणजे प्रत्येक लेकराला आठ आणे शक्यता. मुलगा असो की मुलगी. आईकडूनही जातो, बापाकडूनही. ज्या लेकराला चांगली प्रत गेली त्याच्या पुढच्या पिढीला हा आजार त्या बाजूनं जात नाही. आणि घरात आलेल्या सुनेचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ताईची सासू गेली तेव्हा नातेवाइकांत बोलणं झालं होतं की "हे घरात आली आणि इपरीत सुरू झालं." सून घरात आली तेव्हा ती प्रत नवऱ्याच्या अंगात जन्मापासून होती. सूनबाईनं ती लिहिली नाही. तशी ती कोणीच मुद्दाम लिहीत नाही, सासूनंही नाही.

मोठी मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. स्थळं यायला लागली. आता सांगायचं की लपवायचं? तिची तपासणी करायची का? मला पंधरा जणींनी पंधरा सल्ले दिले. नागपूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. अंगात आजाराची काही खूण नसताना अठरा वर्षांखालच्या लेकराची ही तपासणी करत नाहीत. अठरानंतर ज्याची त्यानं ठरवायची. आई-बापानं नाही, होणाऱ्या सासरच्यांनी नाही, गटानं तर नाहीच. आधी डॉक्टर बसून समजावतात, विचार करायला वेळ देतात, आणि माणूस म्हणाला की मला जाणून घ्यायचं नाही, तर तोही त्याचा हक्क. कारण आज तरी हा आजार मुळातून बरा करणारं औषध नाही. माहीत झालं तर लग्न, लेकरं, नोकरी यांचा विचार आधी करता येतो, हे खरं. पण विशीतल्या पोरीनं तो कागद उशाशी घेऊन झोपायचं, हेही खरं. त्या पोरीनं काय ठरवलं ते मी इथे सांगणार नाही. ती सध्या नर्सिंगला शिकते एवढं सांगते.

औषध नाही म्हणजे काहीच नाही असं नव्हे. तोलाचे व्यायाम रोज केले तर माणूस जास्त दिवस आपल्या पायांवर राहतो. अंगणात दोन बांबू बांधून त्यांच्यामध्ये चालायचा सराव आम्ही त्या दादांना करून दिला. न्हाणीत धरायला पाइप, रात्री दिवा, घोट घेताना मान जरा पुढे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मेंदू आणि मज्जासंस्थेचे दीर्घ आजार धरले आहेत. तपासणीत 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व निघालं तर प्रमाणपत्र मिळतं, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्यावर करता येतो. ते कागद कसे करायचे हे आपल्या प्रत्येक ग्रामसंघात एकीला तरी यायला हवं, असं माझं मत आहे. शेळ्यांचा विमा आपण शिकलो, हेही शिकू.

आता एक ताकीद. आज संध्याकाळी तुम्ही सगळ्या अंगणात बोटं हलवत उभ्या राहाल हे मला दिसतंच आहे. लेकरांसोबत खेळा, हरकत नाही. पण कोणाला परस्पर नाव चिकटवू नका. हा आजार फार थोड्या घरांत असतो. झोकांड्या जाण्याची, डोळे थरथरण्याची दुसरी पुष्कळ कारणं आहेत, आणि त्यातली काही बरी होणारी आहेत. फिट्यांसाठी फिनायटॉइनच्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात त्या जास्त साचल्या की डोळे थरथरतात आणि तोल जातो. डॉक्टरांनी मात्रा नीट केली की माणूस सुधारतो. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, फिट उलटते. खरोखर दारू पिणाऱ्या आणि जेवण सोडलेल्या माणसात बी-वन जीवनसत्त्व संपतं, डोळे नीट फिरत नाहीत, गोंधळल्यासारखं बोलतो. त्याला वेळेत इंजेक्शनातून ते जीवनसत्त्व मिळालं तर वाचतो. म्हणजे दारूडा म्हणून ज्याला आपण बांधावर टाकून येतो, त्यालाही त्या दिवशी दवाखाना लागत असतो. साखरेच्या रुग्णाला एखाद्या सकाळी उठल्यावर एकाचे दोन दिसायला लागतात, एक डोळा नाकाकडे वळून राहतो. डोळ्याची एक नस बधिर झालेली असते, बरेचदा काही महिन्यांत ती सुधारते. पण एकाएकी दोन-दोन दिसू लागलं, त्यातून डोकं फुटेल असं दुखत असलं, तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

याच डॉ. वाडियांचं आणखी एक काम सांगते, कारण पावसाळा आहे आणि डोळे येण्याचे दिवस आहेत. 1971 साली मुंबईत डोळे येण्याची फार मोठी साथ आली. डोळे नुसते लाल नाही, रक्त उतरल्यासारखे. ही नवीनच साथ होती. 1969 मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात ती पहिल्यांदा दिसली. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तिकडच्या लोकांनी तिला अपोलोचंच नाव दिलं. कलकत्त्याकडे बांगलादेशच्या लढाईच्या दिवसांत आली म्हणून तिला जय बांगला म्हणायचे. डोळे आठवड्याभरात बरे व्हायचे, लोक विसरून जायचे. पण वाडियांकडे काही मोठी माणसं आली, ज्यांचे पाय पोलिओसारखे लुळे पडत होते. त्यांनी प्रत्येकाला मागचं विचारलं, आणि कळलं की काही दिवसांपूर्वी सगळ्यांचे डोळे आले होते. तो विषाणू पोलिओच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. 1981 मध्ये साथ पुन्हा आली तेव्हाही त्यांनी असे रुग्ण तपासून लिहून ठेवले. असा लकवा साथीतल्या फारच थोड्या लोकांना झाला, तेव्हा डोळे आले म्हणून घाबरून जाऊ नका. 2023 च्या पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी डोळे आले होतेच, आणि बरे झाले. हात धुवा, पंचा वेगळा ठेवा, डोळ्यात दूध, मध, लिंबू काही घालू नका, आणि मेडिकलमधून कोणतेही थेंब न विचारता आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचं नुकसान होऊ शकतं. पण डोळे येऊन गेल्यावर कोणाच्या पायातली ताकद जात असेल, तर डॉक्टरांना डोळ्यांचं आठवणीनं सांगा. ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

आणि आता जे सांगते त्यासाठी हातातलं काम खरंच बाजूला ठेवा.

पावसाळ्यात आपण जमिनीवर झोपतो. शेतात राखणीला माणसं झोपतात. मण्यार रात्री चावते. तिचा दंश दुखत नाही म्हटलं तरी चालेल, सूज नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखतं म्हणून, मळमळतं म्हणून. घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात. झोप झाली नाही म्हणून, असं वाटतं. तो डोळे उघडायला कपाळ ताणतो, पण पापण्या वर जात नाहीत. डोळे फिरेनासे होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि मग श्वास थांबतो. मण्यारीचं विष नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं, आणि सगळ्यात आधी ते दिसतं डोळ्यांत, कारण डोळ्याचे आणि पापणीचे स्नायू अगदी नाजूक.

रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी गावातल्या दवाखान्यात बसून विंचूदंश आणि सर्पदंशाचा अभ्यास केला, मण्यार आणि नागाच्या दंशाचे रुग्ण कसे येतात, कसे वाचवायचे, हे जगाच्या मासिकांत लिहिलं. हिंमतराव मूळचे मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रांपाशीच संशोधन होतं असं नाही, हे सांगायला मला हे उदाहरण बरं पडतं.

तेव्हा पावसाळ्यात सकाळी कोणाच्या दोन्ही पापण्या खाली आल्या असतील, तर साप दिसो न दिसो, खूण सापडो न सापडो, 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला चालवू नका, गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवा, पाणी पाजू नका. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. मोर्शीला असो की अमरावतीला, सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस मागा. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालते. आणि आणखी एक. विष पूर्ण भिनलेला माणूस डोळे मिटून, निपचित पडलेला असतो, बाहुलीही हलत नाही. मेला असं वाटतं. आतून तो सगळं ऐकत असू शकतो. श्वासाच्या यंत्रावर ठेवलेली अशी माणसं चालत घरी परत आलेली आहेत. म्हणून त्याच्या उशाशी रडून "गेला, गेला" म्हणू नका, आणि त्याला घेऊन मांत्रिकाच्या दारात तर अजिबात थांबू नका. ज्या बाईला देव अंगात येतो असं गाव मानतं, तिच्याही घरात साप चावला तर गाडी दवाखान्याकडेच वळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटी नागपूरकडची एक गोष्ट. 2006 ते 2008 या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांना सोबत घेऊन नागपूरपासून साधारण चाळीस किलोमीटरवरच्या आठ गावांतल्या तीस वर्षांवरच्या माणसांचे डोळे तपासले. यादीत 5,885 माणसं होती, त्यातली 4,711 तपासणीला आली. शंभरातली ऐंशी! आपल्या बैठकीला शंभरातल्या ऐंशी येत नाहीत, हे तुम्हीही जाणता. आपल्यासारखीच शेतातली, मजुरीची माणसं ती. रोजी पाडून तपासणीला जाणं काय असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. त्यांच्या डोळ्यांच्या मापांवरून, नसांच्या फोटोंवरून डॉक्टरांनी जगाच्या मासिकांत कितीतरी लेख लिहिले. काचबिंदू, साखरेनं खराब होणारा पडदा, चष्म्याचा नंबर, खेड्यातल्या माणसाचा डोळा नेमका कसा असतो, हे आज पुस्तकात वाचायला मिळतं त्यात विदर्भातल्या या आठ गावांचा वाटा आहे.

दर महिन्याच्या बैठकीत आपण बचत मोजतो. पुढच्या बैठकीत वहीच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी लिहून घ्या. आपल्या गटातल्या कोणाच्या घरी साखरेचा रुग्ण आहे आणि त्याचे डोळे शेवटचे कधी तपासले. आणि गावात 108 ची गाडी कुठपर्यंत येते, पुलाच्या अलीकडे थांबते की पलीकडे, रात्री ती आली तर बॅटरी घेऊन रस्त्यावर कोण उभं राहील. नावं लिहा, फोन नंबर लिहा. आमच्या गटात माझं नाव लिहिलं आहे.

काही विचारायचं असेल तर नेहमीसारखं आपापल्या गटाच्या सचिवाकडे प्रश्न लिहून द्या, नाव घातलं नाही तरी चालेल.